इशिबियाचे मराठी नाव : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

आमच्या चित्रपट मंडळाच्या ऑगस्टमधील प्रदर्शनासाठी माझ्या वाट्याला आलेल्या कामाची आज आखणी केली. हायाओ मियाझाकी यांचा ‘मोनोनोके हिमे’ हा १९९७ सालचा जपानी अ‍ॅनिमेशनपट दाखवला जाणार आहे. त्यातील अग्निशस्त्रांची ओळख करून देणारे चार फलक आणि हाताळता येईल अशी एक लाकडी प्रतिकृती मी तयार करायची आहे. फलक मराठीत असतील आणि प्रत्येक शस्त्राखाली त्याचे मराठी नाव दिले जाईल, असे बैठकीत ठरले. ते ठरवताना हे नाव शोधणे हाच कामाचा अवघड भाग ठरेल, असे कोणाच्याही मनात आले नव्हते.

चित्रपट थांबवत थांबवत दोनदा पाहिला आणि शस्त्रे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने टिपणे काढली. सुरुवातीला बंदूक दिसतच नाही, तिचा परिणाम दिसतो. पिसाळलेला वराहदेव नागो एमिशी या जमातीच्या गावावर चालून येतो, गावचा तरुण नायक आशिताका याच्या बाणांनी कोसळतो, आणि गावची वृद्ध दैवज्ञा त्याच्या देहातून निघालेली लोखंडी गोळी सर्वांसमोर ठेवून सांगते की हिनेच त्याची हाडे मोडली आणि आतडी फाडली. गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली हे त्या गावात कोणालाच सांगता येत नाही. पुढे डोंगरकड्यावरच्या पावसात तांदूळ वाहणाऱ्या बैलांच्या तांड्याचे रक्षण करणारे गोळंदाज, मग लोखंड गाळणाऱ्या वस्तीत बनत असलेले नवे हलके शस्त्र, ते चालवणाऱ्या स्त्रिया, वराहांच्या कळपाखाली उडवलेले सुरुंग आणि शेवटी वनदेवतेचे शिर उडवणारा, त्या वस्तीची प्रमुख एबोशी हिचा बार, असा हा क्रम आहे.

पहिल्या फलकाचा मसुदा संध्याकाळपर्यंत लिहून झाला. शस्त्राचे नाव ‘तोड्याची बंदूक, जपानी नाव तानेगाशिमा’ असे दिले. तोडा म्हणजे बार पेटवणारी जळती दोरी.

१५ जून २०२४

पहिल्या फलकाचा मसुदा मंडळातील जपानी शिकवणाऱ्या बाईंना दाखवला. त्यांनी तो वाचून शांतपणे बाजूला ठेवला आणि विचारले, “अहो, पण चित्रपटात कोणी हिला तानेगाशिमा म्हणतं का?” कोणीही म्हणत नाही. सगळी पात्रे ‘इशिबिया’ हाच शब्द वापरतात, आणि तो माझ्या कानावर दोन्ही वेळा पडूनही मी टिपला नव्हता. बंदूक ओळखायच्या घाईत मी तिच्याविषयी बोलणाऱ्यांचे ऐकलेच नाही, ही चूक माझीच.

इशिबिया हा शब्द तीन चिन्हांनी लिहितात, आणि त्यांचे अर्थ अनुक्रमे दगड, अग्नी आणि बाण असे आहेत. दगड फेकणारा अग्निबाण, असा अर्थ त्यातून निघतो. आपल्याला हे नवे वाटू नये, कारण मराठी बखरींतला ‘बाण’ हाही पुष्कळदा धनुष्यावरचा नसून दारू भरलेला, शेपटीला काठी बांधलेला आणि शत्रूच्या घोड्यांना बुजवणारा असतो. दारूगोळा नवा आला की लोक त्याला जुन्या शस्त्राचे नाव देतात, हे जपानात घडले तसेच आपल्याकडेही घडले.

बाईंनी दुसरे वाक्यही लक्षात आणून दिले. वस्तीची प्रमुख एबोशी नवे शस्त्र आशिताकाला दाखवताना सांगते की मिंग देशाची शस्त्रे जड आणि वापरायला अवघड आहेत, आणि तिच्या कारागिरांनी योजलेल्या या नव्या शस्त्राने राक्षसही फुटतील आणि सामुराईंची चिलखतेही. मिंग म्हणजे तेव्हाचा चीन. चित्रपट आपल्या शस्त्राचे मूळ स्वतःच्या तोंडाने चीन सांगतो आणि मी फलकावर पोर्तुगीज मूळ लिहून बसलो होतो. मसुदा फाडला.

२२ जून २०२४

तानेगाशिमा चित्रपटात का बसत नाही, हे फलकावर दोन वाक्यांत सांगावे लागेल, म्हणून आधी स्वतःसाठी सविस्तर लिहून ठेवतो.

१५४३ साली वादळाने भरकटलेले एक चिनी गलबत जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटाला लागले आणि त्यावरच्या पोर्तुगिजांजवळ बंदुका होत्या. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका याने त्यांतल्या दोन विकत घेतल्या आणि यैता किन्बेई या लोहाराला तशाच घडवायला सांगितल्या. १६०६ सालच्या ‘तेप्पोकि’ या वृत्तांतात ही हकीकत आहे. त्यातला माझ्या आवडीचा भाग असा की किन्बेईला नळी घडवता आली, पण तिचे मागचे तोंड घट्ट बंद कसे करावे हे उमजेना. त्या बुचाला मळसूत्र होते आणि जपानी लोहारांना मळसूत्र ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी जहाजावरच्या लोहाराकडून ते रहस्य कळले आणि मग काही दशकांत साकाई, कुनितोमो, नेगोरो येथे बंदुका मोठ्या संख्येने बनू लागल्या.

या बंदुकीला जपानीत ‘हिनावा-जू’ म्हणतात, म्हणजे अग्निदोरीची बंदूक. आपल्या ‘तोड्याची बंदूक’ या नावाशी हे नाव शब्दाला शब्द जुळते. यंत्रणा मात्र सर्वस्वी सारखी नाही. उत्तर हिंदुस्थानातील तोडेदार बंदुकीत चाप जितका दाबावा तितकाच पेटता तोडा सावकाश रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूवर, उतरतो, तर जपानी बंदुकीत ताणलेली कमान असते आणि चाप दाबताच घोडा झटक्यात खाली पडतो. शिवाय जपानी दस्ता आखूड असतो आणि तो खांद्याला न टेकवता गालाशी धरतात. अशी झटक्याची कळ गोवा, मलाक्का आणि सिंहल या पट्ट्यातील बंदुकांत आढळते. म्हणूनच तोकिताकाने घेतलेल्या बंदुका युरोपात नव्हे, तर गोव्यात किंवा मलाक्क्यात घडल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कने तिथल्या कारागिरांच्या बंदुका बोहेमियातील बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे आपल्या राजाला कळवले होते, हे पाहता त्या मतात अशक्य असे काही नाही. जपानच्या प्रसिद्ध बंदुकीच्या वंशावळीत मांडवीकाठचा एखादा लोहार असणे मला आवडेल, पण आवडणे म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून फलकावर ‘असे मानले जाते’ इतकेच राहील.

हा सगळा मजकूर एका चौकटीत जाईल आणि तिचे शीर्षक ‘चित्रपटात नसलेली बंदूक’ असे असेल.

२९ जून २०२४

मग १५४३ पूर्वी जपानात दारूची शस्त्रे होती का? होती, पण तुरळक. १२७४ च्या मंगोल स्वारीत ‘तेत्सुहाऊ’ नावाचे फुटणारे गोळे वापरले गेले. ताकेझाकी सुएनागा या योद्ध्याच्या चित्रगुंडाळीत असा एक गोळा घोड्यासमोर फुटताना दिसतो आणि ताकाशिमाजवळच्या समुद्रतळातून त्यांची कवचेही मिळाली आहेत. १४६६ साली जपानच्या दक्षिणेकडील रयुक्यू बेटांच्या राज्यातून क्योटोला आलेल्या पाहुण्याने बार उडवून लोकांना दचकवल्याची नोंद मठाच्या दैनंदिनीत आहे, आणि १४६८ मध्ये, ओनिन युद्ध ही जपानमधली यादवी चालू असताना, एका भिक्षूने लष्करी छावणीतील अग्निभाल्यांचा उल्लेख केला आहे. चित्रपटाचा काळ मुरोमाची युगाच्या (चौदावे ते सोळावे शतक) उत्तरार्धातला आहे. याच फटीत, म्हणजे चिनी शस्त्र अधूनमधून दिसत होते पण पोर्तुगीज शस्त्र अजून आले नव्हते त्या काळात, त्याची कथा बसवलेली आहे. एबोशीची फौज हे कल्पित असले तरी अशक्य नाही, असे म्हणण्याइतका आधार इथे मिळतो.

चिनी शस्त्राचा जुना नमुना म्हणून हेइलोंगजियांग प्रांतात १९७० मध्ये सापडलेली काशाची नळी घेतली. ती १२८८ च्या सुमाराची मानतात. लांबी ३४ सेंटिमीटर, वजन ३.५५ किलो. तिचे तीन भाग सहज ओळखू येतात. पुढे सरळ नळी, मध्ये दारूची फुगीर कोठी आणि मागे लाकडी दांडा खोचण्यासाठी पोकळ खोबण. कोठी फुगीर असण्याचे कारण उघड आहे, कारण दारू पेटते त्या जागी धातू जाड नसेल तर शस्त्र चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटेल. चाप नाही, घोडा नाही. कोठीवरच्या कान्यात, म्हणजे बारीक छिद्रात, बत्ती द्यायची की झाले.

प्रतिकृती हिचीच करायची, पण दांडा चित्रपटाच्या धर्तीचा.

७ जुलै २०२४

सुतारमामांकडे गेलो. नळीचे कागदावरचे चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “हे माझं काम नाही सर, हे कातारी करील. दांडा तेवढा मी देतो.” ते खरेच होते. गोल घाट कातावरच उतरतो. रंधा मारून तो येत नाही. कातारी त्यांच्याच ओळखीचा निघाला. त्याने बाभळीचा ओंडका लावून तासाभरात नळी काढून दिली. कोठीचा फुगवटा त्याने जरा जास्त ठेवला होता, कारण त्याच्या मते चित्रातली वस्तू ‘लाटण्यासारखी’ दिसत होती आणि लाटण्याला पोट लागतेच. फुगवटा दोन वेळा उतरवून घेतला.

नळीचे तोंड फक्त बोटाच्या दोन पेरांइतके कोरले आहे आणि आतून काळा रंग दिला आहे. पुढे सगळे भरीव लाकूड आहे, आणि काना म्हणजे केवळ रंगाचा ठिपका. प्रदर्शनात वस्तू हाताळली जाणार असल्याने ती पाहताक्षणी प्रतिकृती म्हणून ओळखता आली पाहिजे, ही अट मी स्वतःच घातली होती.

अडचण वजनाची. बाभूळ जड असूनही पूर्ण नळी काट्यावर किलोच्या आतच भरली. खऱ्या नळीचे वजन हाताला कळले नाही तर एबोशीची तक्रारही कळणार नाही, म्हणून मागच्या खोबणीतून आत पोकळी काढून तिच्यात सळईचे तुकडे आणि वाळू ठासायचे ठरवले.

१३ जुलै २०२४

पाऊस. दांडा फुगला आणि खोबणीत जाईना. सुतारमामा म्हणाले, चार दिवस घरात ठेवा.

त्या निमित्ताने डोंगरकड्यावरचा प्रसंग पुन्हा पाहिला. पाऊस कोसळतो आहे, खाली दरी आहे, लांडगे उतारावरून येत आहेत, आणि अशा वेळी एबोशी आपल्या माणसांना ओळी नीट करायला आणि दारू भिजू देऊ नका म्हणून बजावते. पहिल्या दोन वेळा हे वाक्य मला साधे वाटले होते. आता ते त्या प्रसंगातले सर्वांत जाणकार वाक्य वाटते. उघड्या कान्यावर रंजक ठेवायची, हातातली बत्ती पेटती ठेवायची आणि लांडगा टप्प्यात येईपर्यंत दोन्ही कोरडी राखायची, हे पावसात किती कठीण असेल याची कल्पना चित्र काढणाऱ्यांना होती. फुसका बार म्हणजे तिथे थेट मृत्यू.

बत्तीचे वागणे पाहायला लांब जावे लागले नाही. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीला सिगारेट पेटवण्यासाठी काथ्याची जळती दोरी टांगलेली असते. छत्री मिटून तिथे उभा राहिलो आणि एक चहा संपवून दुसरा मागवला. तोपर्यंत दोरी बोटभरही सरली नव्हती. टोकाचा निखारा राखेखाली दडतो, फुंकर घातली की लाल होतो, आणि तुषार पडला की चर्र करून काळा पडतो. दोन तुषारांत तो विझला नाही. तिसरा मोठा थेंब नेमका टोकावर पडला तेव्हा विझला, आणि टपरीवाल्याने काही न बोलता लायटरने पुन्हा पेटवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण पिळाचे खरे काम मला त्या दिवशी दिसले. दोरी घट्ट पिळलेली असते म्हणूनच राख झडून जाते आणि निखारा टोकाला टिकतो. तोड्याची दोरीही याच कारणाने पिळून घेत, वर सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवत.

२० जुलै २०२४

छपाई करणाऱ्याने दुसऱ्या फलकावर ‘इशिबिया’ऐवजी ‘इशिबाया’ छापले. पुन्हा छापून घेतले. खर्च निम्मा निम्मा.

२८ जुलै २०२४

वजन हलके करण्याचा प्रसंग तिसऱ्या फलकाचा विषय आहे, आणि माझ्या मते चित्रपटातील शस्त्रांची सगळी जाण याच प्रसंगात एकवटली आहे. एबोशीच्या बागेतल्या कार्यशाळेत पट्ट्या गुंडाळलेले कुष्ठरोगी कारागीर नवे शस्त्र तिच्या हाती देतात. ती ते उचलते, अजून थोडे जड आहे म्हणते, आणि कारागीर उत्तर देतो की याहून घासले तर ते फुटेल. तिला हे शस्त्र वस्तीतल्या स्त्रियांसाठी हवे आहे. मग त्याच रात्री ती ते घेऊन डोंगरउतारावर झाडे लावायला आलेल्या वानरांवर झाडते.

कारागिराचे उत्तर लोहाराचे आहे, नुसते कथेचे नाही. वस्तीचे नाव तातारा-बा, आणि तातारा म्हणजे वाळूतले लोखंड आणि कोळसा यांच्या थरांवर भाता चालवून लोखंड काढण्याची जपानी भट्टी. चित्रपटात हा भाता स्त्रिया पायांनी तुडवतात, चार दिवस आणि पाच रात्री. अशा भट्टीतून पोलादाचा गोळाही मिळतो आणि ओतता येणारे बिडाचे लोखंडही. काशाची नळी जास्त दाबाने आधी फुगते, बिडाची मात्र एकदम तडकते. आपल्याकडे पंचरसी, म्हणजे मिश्रधातूच्या, तोफांना मान होता तो याचसाठी. एबोशीची नळी कशाची आहे हे चित्रपट सांगत नाही, पण ‘फुटेल’ हा शब्द मला बिडाकडे नेतो. हे माझे अनुमान आहे आणि फलकावर तसे नमूद केले आहे.

४ ऑगस्ट २०२४

नावाचा प्रश्न पुढे ढकलत आलो होतो. आज दिवसभर तेवढेच केले.

‘बंदूक’ नको, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चाप आणि घोडा येतो. ‘तोफ’ नको, कारण ती एकाने उचलायची वस्तू नव्हे. गंमत अशी की जपानीत गोंधळ नेमका उलट आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे इशिबिया हा शब्द मोठ्या तोफेला लावत असत, आणि चित्रपटाने तो हातातल्या शस्त्राला दिला. अशा तोफांपैकी सर्वांत नावाजलेली म्हणजे जपानच्या बुंगो प्रांताचा सरदार ओतोमो सोरिन याची ‘कुनिकुझुशी’, म्हणजे राज्ये पाडणारी. ती मागून भरायची पोर्तुगीज धाटणीची तोफ असून लांबी २८८० मिलिमीटर आणि नळीचे तोंड ९५ मिलिमीटर आहे. ती गोव्यात ओतली असावी असे मानतात. या जातीच्या तोफांना जपानीत ‘फुरांकी’ म्हणतात. तो शब्द चिनी ‘फोलांगजी’वरून आला, आणि फोलांगजी म्हणजे आपला फिरंगी. एकच शब्द आपल्याकडे माणसाला आणि विलायती पात्याच्या तलवारीला चिकटला, तर तिकडे तोफेला.

मग ‘हातनाळ’ सुचले आणि अर्धा दिवस मी खूश होतो. हातात धरायची नाळ, यापेक्षा सरळ नाव कोणते? पण उत्तरेकडील फौजांत ‘हथनाल’ म्हणजे हत्तीवरून नेण्याची तोफ, गजनाळेचीच बहीण. ते हात हत्तीचे होते, माणसाचे नव्हते. जाणकार वाचकाने फलकासमोर उभे राहून हसावे अशीच ही चूक झाली असती. शोधता शोधता अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त हवी ती जोडी मिळाली. एका हत्तीला पेलते ती गजनाळ आणि एका माणसाला वाहून नेता येते ती नरनाळ.

नरनाळ. वजनावरून ठरलेले नाव, आणि एबोशीचा सगळा वादही वजनाचाच.

१० ऑगस्ट २०२४

प्रतिकृती जोडून झाली. दांडा कोरडा होऊन खोबणीत गच्च बसला. नळी ठासून काट्यावर ठेवली तेव्हा ३ किलो ४०० ग्रॅम भरली, आणि तिथेच थांबलो, कारण लाकडाला चिरा पडण्याची भीती वाटली. याहून घासले तर फुटेल म्हणणाऱ्या कारागिराची आठवण आली. मी ठासत होतो, तो घासत होता, एवढाच फरक.

कोणीतरी सुचवले की दांड्याला हिरवी पालवी चिकटवावी, कारण शेवटी एबोशी वनदेवतेवर नेम धरते तेव्हा देवतेच्या नुसत्या नजरेने शस्त्राच्या लाकडाला पाने फुटतात. सूचना वाईट नव्हती. पण तो प्रसंग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांचा आनंद आधीच का घालवावा, म्हणून दांडा उघडाच ठेवला.

२३ ऑगस्ट २०२४

मांडणी पूर्ण. जपानी शिकवणाऱ्या बाईंनी प्रतिकृती दोन्ही हातांनी उचलली, दांडा काखेत धरला आणि नळी समोरच्या खिडकीवर रोखली. काही क्षणांतच नळीचे तोंड खाली झुकू लागले. “एबोशी बरोबर म्हणत होती,” त्या म्हणाल्या. मग प्रतिकृतीखालची नावाची चिठ्ठी वाचून भुवई उंचावली. “नरनाळ? पण चित्रपटात तर बायका चालवतात.”

हे माझ्या लक्षात आले नव्हते असे नाही, पण उत्तरही तयार नव्हते. आईनमधला ‘नर’ म्हणजे माणूस, असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. तसे न करता जुनी चिठ्ठी काढली आणि टेबलावरच नवी लिहिली:

“इशिबिया. हाताने बत्ती देऊन उडवायची नळी, मूळ चिनी. आपल्याकडे एका माणसाने वाहून न्यायच्या अशा नळीला नरनाळ म्हणत. या चित्रपटात ती स्त्रिया वाहतात. उचलून पाहा.”